तळ्याला बाहेरचं लागलंय का?

चारठाण्यात जुनी देवळं नेमकी किती, यावर गावात अजून एकमत नाही. पडकी धरायची की सोडायची, इथून वाद सुरू होतो आणि चहा संपेपर्यंत चालतो. पण गावात घरं किती, म्हशी किती, कुणाकडे फ्रीज आहे आणि कुणाच्या बंद फ्रीजमध्ये पोरांची पुस्तकं ठेवली आहेत, हे विचारायचं असलं तर वाद होत नाही. लोक सरळ सत्यशीलाताईच्या घराकडे बोट दाखवतात.

सत्यशीलाताईचं वय बेचाळीस. त्यातली एकोणीस वर्षं तिने लोकांना प्रश्न विचारण्यात घालवली. पोलिओचे डोस, जनगणना, जनावरं, मतदारयाद्या, संडास, मोबाइल, पाळण्यातलं पोर आणि खाटेवरचं म्हातारं, जिंतूर तालुक्यात जे काही मोजण्यासारखं आहे ते तिने मोजलेलं. निळी स्कुटी, छातीशी धरलेलं पॅड आणि दोरीने बांधलेला पेन. ती गल्लीत शिरली की बायका आतूनच ओरडतात, "आता काय मोजायलाव ताई?"

लोक खोटं बोलतात याचा तिला राग येत नाही. ते बोलणारच, असं धरूनच ती निघते. संडासाच्या सर्व्हेत कागदावर प्रश्न होता, "कुटुंब शौचालयाचा नियमित वापर करते काय?" या प्रश्नाला अख्खा तालुका हो म्हणतो. ताई मात्र विचारायची, "आत ठेवलेला कडबा पावसात भिजत न्हाई ना?" आणि समोरचा बिचारा अभिमानाने सांगायचा, "छे, पत्रे नवे हायत की!" ताई मान डोलवायची आणि 'नाही' या चौकोनात खूण करायची.

तिचं म्हणणं असं की कागदावरचा प्रश्न मोठ्या शहरात जन्माला येतो. त्याला आधी इथलं पाणी पाजावं लागतं, मग तो चालायला लागतो. हे पाणी पाजण्याचं काम तिच्याइतकं कुणाला जमत नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यात जास्त ती स्वतः म्हणे.

अशा बाईच्या दारात जुलै महिन्यात अर्पिता आली. पुण्याची, सव्वीस वर्षांची, शिंपल्यांवर पीएच.डी. करणारी. तिने पिशवीतून तळहाताएवढा एक हिरवट शिंपला काढला आणि ओट्यावर ठेवला.

"ताई, हा येलदरीच्या धरणात सापडलाय. हा आपल्याकडचा नाही. मूळचा चीनकडचा."

"मग इतक्या लांबून आला कसा? चालत?"

"शिंपल्याला चालता कुठे येतंय? गाडीने येतो." अर्पिताने सगळं समजावून सांगितलं. या शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक असतात. जनावराला गोचीड चिकटावी तशी ती माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, दोन-तीन आठवडे तिथेच राहतात आणि मग गळून तळाशी पडतात. म्हणजे माशांच्या एखाद्या बीजकेंद्रात हा शिंपला शिरला की तिथून निघणाऱ्या प्रत्येक गाडीतून, बोटुकल्यांसोबत फुकटात, तो गावोगाव जातो. बोटुकली म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू. तळ्यात हा शिंपला वाढला की जुने देशी शिंपले हटतात, लहान माशांचे कल्ले बुजतात, जाळी फाटतात. आणि एकदा तळ्यात गेला की बाहेर काढायचा उपाय कुणाकडे नाही.

"मला एवढंच हवंय," अर्पिता म्हणाली, "की तो कुठल्या गावच्या तळ्यात पोहोचलाय आणि कुठे अजून नाही."

फॉर्मवर प्रश्न होता, "आपल्या तलावात बाह्य प्रजातीच्या शिंपल्याचा प्रादुर्भाव आढळला आहे काय?" ताईने तो एकदा वाचला आणि डोळे मिटले. मुळात तिचा एक नियम होता. उत्तर आपण होऊन लोकांच्या तोंडात घालायचं नाही. शिंपल्याचं नाव घेतलं की लोक अनुदान मिळेल म्हणून हो म्हणतील, नाहीतर दंड होईल म्हणून नाही म्हणतील. तेव्हा आधी नुसतंच विचारायचं आणि हो आलं तर पुढे काय ते विचारायचं. तिने प्रश्नाला पाणी पाजलं आणि तो असा उभा राहिला:

"तळ्याला बाहेरचं काई लागलंय का?"

दहा दिवसांत ती तीस गावं फिरली. तीसही गावांनी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असंही नाही, घाईघाईने म्हटलं. एका म्हाताऱ्याने आधी तीनदा थुंकून घेतलं. एका सुनेने कडेवरचं पोर उचलून आत नेऊन ठेवलं. एका सरपंचाने तर आवाज खाली आणून विचारलं, "कुणी सांगितलं तुमाला?" आणि मग मोठ्याने म्हणाला, "काईच न्हाई, सगळं ठीक हाय!" हे सगळं ताईला दिसत होतं. पण तीस गावं एकाच सुरात बोलतायत म्हटल्यावर तिला वाटलं, प्रश्न बरोबर लागू पडला.

अर्पिताला तक्ता मिळाला आणि ती खूश झाली. शिंपला अजून धरणातच आहे, तळ्यांपर्यंत आलेला नाही. नेमका त्याच दिवशी, सोमवारी, तिला खडकवाडीच्या मच्छीमार संस्थेच्या चेअरमनचा, मुंजाजीचा, फोन आला. आसपासची चौदा गावं गेली तीन वर्षं धरणाखालच्या एका खाजगी केंद्रातून बीज आणत होती. एकट्या खडकवाडीने ते कधी घेतलं नव्हतं, कारण मुंजाजीची आणि केंद्रवाल्याची बोलाचाल बंद होती. यंदा मुंजाजीची पुतणी केंद्रवाल्याच्या घरी सून म्हणून गेली. सोयरिक झाल्यावर बीज घेणं आलंच. शनिवारी गाडी येणार होती. मुंजाजीने विचारलं, "मॅडम, तुमी त्या शिंपल्याचं बगायलाव म्हणं. तिथलं बीज टाकलं तर चालंल ना?"

अर्पिताने तक्ता पाहिला. तिथलं बीज घेणाऱ्या चौदा गावांपैकी तेरा त्यात होती, तेराही स्वच्छ; एकटी टाकळी तेवढी राहिली होती. ती म्हणाली, "काहीच धोका नाही."

मंगळवारी ताई शेवटच्या, एकतिसाव्या गावी गेली. टाकळी. तळ्याच्या पाळूलगत, बांधाला लागूनच, पार्वतीबाईचं घर. घरातली माणसं मासेमारी करायची, शिवाय दोन म्हशी. पार्वतीबाई ओट्यावर दुधाचं पातेलं खरवडत बसली होती. ताईने नेहमीचा प्रश्न टाकला.

"लागलं होतं की बाई," पार्वतीबाई म्हणाली.

ताई आनंदाने सावरून बसली. एकतीस गावांतलं पहिलं हो! "कवापासून?"

"दोन वर्सं झाली आसतील. पाण्यात उतरलं की पायच कापायचे माणसांचे. जाळं टाकलं की फाटायचं. पर आता फिकर न्हाई. उतरलं."

"उतरलं? कसं?"

"आवसंला उतारा टाकला की पाळूवर. नारळ, लिंबं, काळी कोंबडी. गुरवानं सांगितलं, अजून एक आवस करा म्हणून."

"कोंबडी?" ताईचा पेन हवेतच राहिला.

"मग! बाहेरचं ते. फुकट जातंय व्हय?"

ताईच्या डोक्यात तीसही गावं एकदम उभी राहिली. तो थुंकणारा म्हातारा, ते आत नेलेलं पोर, तो आवाज खाली आणणारा सरपंच. ती दहा दिवस दारोदार जाऊन विचारत होती, तुमच्या तळ्याला भूत लागलंय का? आणि कुठलं शहाणं माणूस परगावच्या बाईला, तेही पॅडवर लिहून घेणाऱ्या बाईला, हो लागलंय म्हणेल?

चारठाण्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. ताईच्या हातून मात्र झाली, आणि त्याला कारण होतं. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव्हारे काढले आणि त्यांच्यासोबत भूत, भानामती, अंगारा हे सगळे शब्दही बाहेर काढले. पुढे वडील तर असे कडक की कुणी 'नजर लागली' म्हटलं तरी आधी डॉक्टरकडे आणि मग वाचनालयात पाठवायचे. तीन पिढ्या त्या घरात 'बाहेरचं' म्हणजे अंगणापलीकडचं, एवढाच अर्थ होता. दुसरा अर्थ ताईच्या कानावर पडलेला होताच, पण कानावरचं सगळं जिभेच्या हिशेबात धरावं लागतं हे तिच्या लक्षात आलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचा प्रश्न उलटला होता. आणि त्या प्रश्नाच्या भरवशावर शनिवारी खडकवाडीच्या तळ्यात बीज पडणार होतं.

ती काही बोलणार तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला. पार्वतीबाईच्या हातातली शिंपी, म्हणजे खरवडायचा शिंपला, पातेल्यातच मोडली.

"मेली चायना!" पार्वतीबाईने तुकडे अंगणात भिरकावले. "सासूबाईची शिंपी वीस वर्सं खरवडत होती. आता ह्या बगा, दोन-दोन महिन्याला मोडायल्यात. तळ्यात जुन्या शिंप्या सापडतच न्हाईत. ह्या मोठाल्या, पातळ, नुसता दिखावा."

ताईने उठून ते तुकडे गोळा केले. पार्वतीबाईला वाटलं बाई रागावली. ताईने विचारलं, "सासूबाईची शिंपी हाय का अजून?"

होती. फडताळात, जपून ठेवलेली. ताईने दोन्ही रुमालात बांधल्या. तिच्या लक्षात आलं होतं की या जिल्ह्यात प्रत्येक तळ्याकाठच्या घरात एक शिंपी असते, दुधाचं पातेलं खरवडायला, कैरीची साल काढायला, तान्ह्या पोराला दूध पाजायला. आणि शिंपी कधी आणली हे कुठलीच बाई विसरत नाही, कारण ती कशासाठी आणली ते तिला आठवत असतं.

बुधवारी सकाळी स्कुटी पुन्हा निघाली. आता फक्त ती चौदा गावं, आणि दारात उभं राहून एकच प्रश्न: "पातेलं कशानं खरवडता?"

एकोणीस वर्षांत कुठल्या सरकारने हे विचारलं नव्हतं. बायका आधी हसल्या, मग बसा म्हणाल्या, मग थांबेचनात. "ही आमच्या सोनीच्या बारशाची, म्हंजे दोन वर्सं." "ही लॉकडाऊनातली, बगा कशी दगडावानी हाय." "ही औंदाची, मोडकीच." तीन घरांत तारेची घासणी निघाली आणि त्या बायकांना इतकी लाज वाटली की त्यांनी शेजारणीची शिंपी आणून दिली. ताई प्रत्येक शिंपीच्या आत स्केचपेनने गाव आणि वर्ष लिहीत गेली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्कुटीच्या डिकीत दोन पिशव्या भरल्या.

जिंतूरच्या लॉजवर अर्पिताने पलंगावर वर्तमानपत्र पसरलं. शिंपल्याची दोन झाकणं जिथे जोडलेली असतात तिथे देशी शिंपल्याला आतून आडवे दात असतात. या परक्याला दातच नाहीत, सगळं गुळगुळीत. अर्पिता एकेक शिंपी दिव्याखाली धरून पाहत होती. ताईने दहा मिनिटं बघितलं आणि मग नुसता अंगठा फिरवून बाजूला काढायला लागली. दात, दात, बोळकी, दात, बोळकी. चौदापैकी अकरा गावांत बोळक्या निघाल्या, आणि एकही तीन वर्षांपेक्षा जुनी नव्हती.

अर्पिताचा चेहरा उतरला. "ताई, मी मुंजाजींना धोका नाही म्हणून सांगून बसले."

"तुम्ही माझ्या कागदावरनं सांगितलं," ताई म्हणाली. "कागद माझा, तर जिम्मा माझा. सकाळी सातला तयार राहा."

त्यांनी फोन लावला. उद्याची गाडी थांबवा, एवढंच ताई म्हणाली. मुंजाजी म्हणाला, "ताई, पाहुण्याची गाडी हाय, माघारी लावता येत न्हाई. उद्या या, जेवायलाच या!" आणि रेंज गेली.

शनिवारी त्या खडकवाडीला पोहोचल्या तेव्हा पिकअप तळ्याच्या पाळूवर उभी होती. आत हवा भरलेल्या, फुगलेल्या पिशव्या, प्रत्येकीत हजारभर बोटुकल्या वळवळत होत्या. संस्थेचे वीसेक सभासद, त्यांच्या बायका, आणि नारळ फोडायला सगळ्यांत पुढे मुंजाजीची आई सरजाबाई.

"जय भीम ताई!" मुंजाजी म्हणाला. "टायमावर आलात."

"जय भीम भाऊ. बीज तळ्यात सोडू नका."

"कामून? मॅडमच तर म्हणल्या, धोका न्हाई."

"मॅडम माझ्या कागदावरनं म्हणल्या, अन् माझा कागद चुकलाय."

पाळूवरची माणसं जवळ सरकली. सर्व्हेवाल्या माणसाने स्वतःचा कागद चुकला म्हणणं हे खडकवाडीत याआधी घडलं नव्हतं.

"म्हंजे लोक खोटं बोलले?" मुंजाजीने विचारलं.

"लोक खरंच बोलले. प्रश्न माझा चुकला. मी इचारत फिरले, तळ्याला बाहेरचं लागलंय का?"

क्षणभर कुणाला उलगडलं नाही. मग मागून महारुद्र, मुंजाजीचा चुलतभाऊ, असा फुटला की त्याला पिकअपला टेकावं लागलं. हसू सगळ्या पाळूवर पसरलं.

"ताई, तुमी!" मुंजाजी डोळे पुसत म्हणाला. "तुमी घरोघर जाऊन भुतं मोजली व्हय!"

"मोजली की. तीस गावांत एक बी निघालं न्हाई. तेवढं काम पक्कं झालं," ताई म्हणाली, आणि हसू ओसरायच्या आत तिने पिशवी पाळूवर रिकामी केली. वर्षांप्रमाणे रांग लावली. जुन्या एका बाजूला, बोळक्या दुसऱ्या बाजूला. "ही समदी गावं ह्याच केंद्राचं बीज घेतात. मावशी, तुमीच बगा. अंगठा फिरवा."

सरजाबाईने नारळ खाली ठेवला. तिने एकेक शिंपी उचलली. "हिला दात हायत. हिला हायत. हिला न्हाईत." ती थांबली. "ही बी माझ्यावानी बोळकीच की."

"आता तुमच्या गावातल्या आणा."

बायका घरी धावल्या. खडकवाडीच्या अकरा शिंप्या आल्या, अकराही दातांच्या. सरजाबाईने स्वतःची आणली, झिजून कागदाएवढी झालेली. "मुंजाजीला हिनंच दूध पाजलंय," तिने जाहीर केलं. चेअरमन जरा लाजले.

"पर ह्या पिशवीतल्या माशांना लागलंय कशावरनं?" महारुद्र म्हणाला. "दुसऱ्याच्या तळ्याचं पाप आमच्या बीजावर कामून?"

रास्त प्रश्न होता. अर्पिताने एक पिशवी सोडली, पाच बोटुकल्या काढल्या, कल्ले उघडले आणि मुंजाजीच्या हातात भिंग दिलं. तो बराच वेळ वाकून राहिला. पाचपैकी तिघींच्या लाल कल्ल्यांवर बारीक रव्यासारखे पांढरे कण बसले होते. त्याने भिंग महारुद्रला दिलं. महारुद्रने पुढच्याला. असं भिंग वीस माणसांच्या हातून फिरलं. मग ड्रायव्हर बोलला, "काय ते लवकर करा. पिशवीतली हवा दुपारपर्यंतच हाय."

तळ्यात सोडावं तर तळं जाणार. माघारी पाठवावं तर वाटेत मासे मरणार आणि नवी सोयरिकही. मुंजाजी कपाळाला हात लावून पाळूवर बसला. त्याचं सगळं आयुष्य या तळ्यावर गेलं होतं, आणि त्याला आता कुणीतरी निर्णय सांगायला हवा होता.

ताई अर्पिताकडे वळली. "मॅडम, हे कण चिकटून किती दिवस राहतात?"

"जास्तीत जास्त तीन आठवडे."

"मग गळून पडल्यावर परत माशाला चिकटतात?"

"नाही. तळाशीच राहतात. तिथेच मोठे होतात."

"अन् चालता तर येत न्हाई." ताईने पाळूखालच्या शेताकडे पाहिलं. तिथे महारुद्रचं शेततळं होतं, काळ्या प्लास्टिकच्या अस्तराचं, काठोकाठ भरलेलं. "मासे महिनाभर तिथं ठेवा. कण तिथं पडतील. मग मासे तेवढे जाळ्यानं उचलायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे अन् तळ्यात न्यायचे. त्या शेततळ्याचं पाणी, गाळ, काई आणायचं न्हाई."

"चालेल!" अर्पिता म्हणाली. "सोडायच्या आधी मी पुन्हा कल्ले तपासते."

"चालंल काय?" महारुद्र ओरडला. "माझ्या हळदीचं पाणी हाय ते!"

"हळदीला कल्ले असत्यात व्हय रे?" सरजाबाई म्हणाली. "उलट माशाच्या पाण्यानं जोर धरंल तुझी हळद."

मुंजाजी उठला. "हात वर करा. तळ्यात सोडायचं म्हणणारे?" एकही हात आला नाही. "शेततळ्यात?" महारुद्रचा सोडून सगळे आले. मग आईने पोराकडे पाहावं तसं सरजाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचाही आला. पिकअप पाळूवरून उतरून हळदीच्या बांधावर गेली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्पिताने शंभर बोटुकल्यांचे कल्ले तपासले. एकावरही कण नव्हता. मग मासे पाट्या-पाट्यांनी उचलले, तीन टाक्यांतल्या स्वच्छ पाण्यातून काढले आणि तळ्यात सोडले.

फेब्रुवारीत हळदीचं शेवटचं पाणी झालं आणि शेततळं रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी मुंजाजीचा फोन आला, "ताई, तुमचं पॅड घेऊन या."

शेततळ्याच्या तळाशी, थोडक्या गाळात, काळ्या प्लास्टिकवर हिरवट शिंपले पसरले होते. अंगठ्याच्या नखाएवढे, काही त्याहून मोठे. ताईने अंगठा फिरवला. सगळे बोळके. तिने हातभर लांबी-रुंदीचा सुतळीचा चौकोन टाकला, आतले मोजले, दुसरीकडे टाकला, पुन्हा मोजले. एका चौकोनात सरासरी सत्तेचाळीस. तिने पॅडवर गुणाकार मांडला आणि मुंजाजीला आकडा दाखवला. नव्वद हजारांच्या वर.

मुंजाजी पाळूपलीकडच्या तळ्याकडे पाहत राहिला. तिथे दोन माणसं जाळं ओढत होती आणि एकमेकांना शिव्या देत होती, म्हणजे मासे चांगले लागले होते.

"हे उन्हात आठ दिवस वाळू द्या," ताई म्हणाली. "कुणाला एक बी घरी नेऊ देऊ नका."

"महारुद्र राखण बसलाय. त्यालाच आता लय काळजी." मुंजाजीने घसा साफ केला. "ताई, सोमवारी आमच्या पाहुण्याला बोलावलंय, केंद्रवाल्याला. मॅडम बी येतील. पर आमी बोलायला गेलो की सोयरिकीत हुज्जत व्हईल. प्रश्न तुमी इचारा. ह्या टायमाला जरा सांभाळून."

"इचारायचं कामच पडणार न्हाई भाऊ," ताई म्हणाली. "पाहुणे आले की आधी चहा द्या. मग इथं आणा, चपला काढायला सांगा अन् तळाशी उतरवा. दहा पावलं चालले की तेच इचारतील, हे काय हाय म्हणून."

आणि तिने सुतळीचा चौकोन उचलून पुढच्या जागी टाकला.